गारखेडा : शेतावर उगवलेली वस्ती

श्रोतेहो, शहराचा इतिहास म्हटला की आपण दरवाजे, मकबरे आणि बादशहा यांच्यापाशीच घुटमळतो. छत्रपती संभाजीनगरचेही, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, तसेच झाले आहे. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली, नहरीने पाणी खेळवले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण तटाबाहेरच्या खेड्यांचे पुढे काय झाले? त्यांतल्याच एकाची, गारखेड्याची, ही हकिकत.

जालना रस्त्याच्या दक्षिणेला हे गाव. नावातच खेडे आहे. १९५८ साली शहरात मराठवाडा विद्यापीठ निघाले, पुढे चिकलठाण्याला कारखाने आले, सिडकोने नवे शहर आखायला घेतले. नोकरीला आलेल्या माणसाला घर हवे. सिडकोचे घर प्रत्येकाला कुठले मिळायला? तो शेतकऱ्याकडे गेला.

आता गुंठा म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्यात एका कुटुंबाचे घर बसते. पण शेतजमिनीचा इतका लहान तुकडा विकायला कायद्याची आडकाठी, आणि जमीन बिगरशेती करून आराखडा मंजूर करून घ्यायचा तर खर्च नि खेटे. मग बाँडपेपरवर लिहून व्हायचे, पैसे मोजायचे, आणि भिंती उभ्या राहायच्या. घर माणसाचे, सातबारा मात्र मूळ शेतकऱ्याच्या नावावर! रस्ता जेवढा सुटला तेवढाच, गटार मागाहून. शहराभोवती अशा गुंठेवारी वसाहती उठल्या, आणि गारखेड्याच्या अंगालाही त्या लागल्या. २००१ साली सरकारने त्या नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. याला कोणी अतिक्रमण म्हणेल. मी म्हणेन, गरजेने केलेली नगररचना.

दरम्यान १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गावाच्या नावापुढे ‘परिसर’ हा शब्द चिकटला, आणि पुंडलिकनगर, उल्कानगरी अशी नवी नावे भोवती आली. विभागीय क्रीडा संकुल इथेच झाले. सूतगिरणी थांबली, पण तिचे नाव चौकाला राहिले. रिक्षावाल्याला आजही ‘सूतगिरणी’ एवढे म्हटले की पुरते.

एक गोष्ट मात्र सुटली नाही, ती पाण्याची. १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी धरण दक्षिणेला पैठणला. तिथून पाणी चढावर उचलून आणावे लागते. २०११ च्या गणतीत शहर पावणेबारा लाखांचे झाले, नळ्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. म्हणून नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, आणि बाई आधी टाकी बघते, मग पाहुण्याला चहा विचारते.

शिक्षकबंधूंनो, मुलांना घराचा पत्ता नीट वाचायला सांगा. त्यात अजून ‘गट नंबर’ लिहिलेला सापडेल. तो नंबर घराचा नाही, शेताचा आहे. तिथे पूर्वी काय पिकत होते, हे सांगणारा एखादा म्हातारा त्याच गल्लीत भेटेल. त्याच्याजवळ मुलांना वही घेऊन बसवा.