घर, शेजार आणि परवाना

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे चुना, लाकूड, गवंडी आणि उसनवारी एवढेच असावे. आज एखाद्या तालुक्याच्या गावी घर बांधणाऱ्याला विचारा. तो विटा-वाळूच्या आधी परवान्याचीच कहाणी सांगू लागेल. उतारा आणा, मोजणीचा नकाशा आणा, करभरणा दाखवा, सही राहिली, साहेब फिरतीवर आहेत, आणि शेवटी ती दुसरी म्हण, ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब!’ मग तो वैतागून म्हणतो, “अहो, जागा माझी, पैसा माझा, राहणार मी. त्यात नगरपालिकेला विचारायचे कशासाठी?”

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर ही विचारण्याची पद्धत आली कोठून, हे पाहिले पाहिजे. परवाना ही इंग्रजांनी आणलेली आणि कचेरीने पोसलेली कटकट आहे, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. कागद इंग्रजी अमदानीत आला. विचारणे मात्र फार जुने आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा कौटिलीय अर्थशास्त्र हा ग्रंथ आपल्याला ठाऊक आहे. त्याची पोथी शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली. राजकारण आणि हेरगिरी यांसाठी या ग्रंथाचे नाव घेतात. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयी एक प्रकरण आहे आणि ते वाचताना आपल्याच आळीतले भांडण चालले आहे असे वाटते. दोन घरांमध्ये अंतर किती असावे, सांडपाण्याचा पाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती दूर काढावा, दारे-खिडक्या दुसऱ्याला त्रास होईल अशा ठेवू नयेत, पावसाच्या पाण्याने शेजाऱ्याचे नुकसान करू नये, आणि केलेच तर दंड किती, हे सारे त्यात आहे. त्यातील दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. घराच्या आणि जागेच्या वादात शेजाऱ्यांची साक्ष प्रमाण मानावी, ही पहिली. आणि घरमालकांनी आपसांत मिळून ठरवले तर ते त्यांना हवे तसे बांधू शकतात, मात्र कोणाला बाधक होईल ते टाळावे, ही दुसरी. म्हणजे नियमाचे मूळ पाहू गेले तर राजाच्या आधी शेजारी उभा आहे. माझ्या वळचणीच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडतात, माझ्या चुलीचा धूर त्याच्या ओटीवर जातो, माझी भिंत चढली की त्याचा उजेड जातो. म्हणून त्याला विचारायचे.

आपल्या महाराष्ट्रातील खेड्याची रचना पाहा. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत कोणी घर बांधत नसे आणि पांढरीत कोणी नांगर घालत नसे. गावठाणातल्या जागेवरून किंवा शेताच्या हद्दीवरून तंटा झाला की गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. कागद एक, पण त्यावर सगळा गाव उभा!

शहरात हे काम अधिकाऱ्याकडे गेले. पेशवाईत पुण्याला पेठा वसल्या, तेव्हा पेठ वसवण्यासाठी कौल देत, शेटे-महाजन नेमत. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांचे तंटे पाहणे, घरांच्या व जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे, ही कामे कोतवालाकडे असत. आजच्या नगरपालिकेतला बांधकाम विभाग आणि नोंदणी कचेरी यांची ही जुनी भावंडेच म्हणा ना.

परंतु या जुन्या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाऊन चालणार नाही. शेजाऱ्याचा शब्द चाले हे खरे. पण कोणाचा शेजार कोणाला मिळावा, हे जात ठरवीत असे. हद्दीच्या तंट्यात महाराची साक्ष फार मोलाची, कारण शिवेचे दगड त्याला ठाऊक. गावाची सीमा कोठे आहे हे ज्याने सांगायचे, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर! त्याने आत घर मागितले असते, तर कोणत्या गोतसभेने होकार दिला असता? तोंडी संमतीचा हा मोठा दोष. तिच्यात जिव्हाळा असतो, तशी जबरदस्तीही असते. आणि नकार मिळाला तर त्याविरुद्ध दाद कोठे मागायची हे नसते.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. १८५० साली कंपनी सरकारने २६ क्रमांकाचा कायदा केला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, गावातील रहिवाशांची इच्छा असेल तरच तेथे तो लागू व्हायचा. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, साताऱ्याची १८५३ सालची. रस्ते, गटारे, झाडलोट ही कामे या मंडळींनी करावयाची. पुढे १८७३, १८८४ आणि १९०१ असे जिल्हा नगरपालिकांचे कायदे मुंबई इलाख्यात होत गेले. १९०१ च्या कायद्यात घर बांधणाऱ्याने आधी नगरपालिकेला लेखी सूचना द्यावी, नगरपालिका मागेल तो नकाशा द्यावा, अशी तरतूद होती. आणि ठरलेल्या मुदतीत नगरपालिका काहीच बोलली नाही तर मालकाला काम सुरू करण्याची वाट मोकळी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

या नियमांना धार आली ती एका संकटाने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता पुणे, सातारा, सोलापूर अशा गावांत पसरला. माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. साथीच्या नावाखाली झालेल्या जुलमी तपासण्यांची आणि १८९७ च्या रँडच्या वधाची हकीकत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्या साथीने आणखी एक गोष्ट दाखवली. जेथे सूर्य कधी पोचत नाही अशा खोल्या, पाठीला पाठ लावून उभी राहिलेली घरे, मधल्या अरुंद बोळात तुंबलेले पाणी आणि उंदीर, यांतून रोग घराघरांत शिरत होता. १८९८ साली मुंबईत शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला तो यामुळेच. आज परवान्याच्या नकाशावर खिडकीचे माप विचारतात, घराभोवती मोकळी जागा सोडायला सांगतात. त्या मोकळ्या हातभर जागेमागे प्लेगातल्या माणसांचे मरण आहे, हे आपण विसरलो आहोत.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर आपल्या गावाची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मात्र पंचाईत अशी की, पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचे कायदे, विदर्भात मध्यप्रांताचा १९२२ चा, आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा. एकाच राज्यात घर बांधायला तीन तऱ्हा! १९६५ च्या नगरपालिका कायद्याने त्या एक केल्या, आणि १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने परवान्याला आजचे रूप दिले. खेड्यांसाठी १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा आहेच. त्यातही घर बांधण्यापूर्वी पंचायतीची परवानगी सांगितली आहे.

१९६६ च्या कायद्यात काय आहे ते नीट ऐका, कारण कटकटीच्या गर्दीत ते कोणी सांगत नाही. तुम्ही रीतसर अर्ज दिला की साठ दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. साठ दिवस उलटूनही उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावे लागते. अट घालायची तरी कारण द्यावे लागते. निर्णय मान्य नसेल तर चाळीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते. मात्र एक खुंटी आहे. उत्तर आले नाही म्हणून जे बांधायचे, ते नियमांत आणि विकास योजनेत बसणारे असले पाहिजे. रस्त्यासाठी राखलेल्या जागेवर साठ दिवसांनी भिंत घातली, तर ती बेकायदेशीरच ठरते.

लोकांच्या तोंडी सहा महिने आणि कायद्यात साठ दिवस! एवढे अंतर का पडले? कारण मोजणी सुरू होते ती अर्ज पोचल्यापासून, आणि आपण पोच घेत नाही. “देऊन ठेवा, बघतो” असे कोणी म्हटले की आपण कागद ठेवून घरी येतो. आवक क्रमांक नाही, तारीख नाही. मग साठ दिवस मोजायचे कोठून? त्यात कागद अपुरे असतात. पुष्कळांची समजूत अशी की ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा म्हणजे मालकीचा दाखला. तो मुळात कर आकारणीचा उतारा आहे. कर कोणाकडून घ्यायचा हे तो सांगतो, मालक कोण हे सिद्ध करीत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच उणिवेमुळे. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईसारखे अपवाद वगळून राज्यभर एकत्रित नियमावली लागू झाली. तीत लहान भूखंडांवरच्या साध्या घरांचा मार्ग सोपा केला आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर नियमांत बसणारा नकाशा देऊन शुल्क भरले की ती पावतीच परवान्याच्या ठिकाणी धरावी, अशी सोय त्यात आहे. पण सोपा झालेला मार्गही ज्याला ठाऊक नाही, त्याला मध्यस्थाचे दार ठोठवावे लागते. आणि मध्यस्थाचे पोट अज्ञानावर चालते.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करून शेवटी मिळते काय? एक शिक्का! तर त्याला किल्लारीची आठवण द्यावी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. दमूनभागून माणसे झोपली होती, आणि चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची भूमी हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुष्कळांना मारले ते त्यांच्याच घरांनी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही रीत. पण भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नव्हते. तो भाग भूकंपाचा समजला जात नव्हता, म्हणून कोणी सावधही नव्हते. पुढे घरे बांधताना भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा घालण्याची शिकवण गवंड्यांना द्यावी लागली. आणि नवी सिमेंटची इमारत म्हणजे सुरक्षित, असेही नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून सोळा जण मृत्यू पावले; ती काही जुनी इमारत नव्हती. तेव्हा नकाशा फाइलीत पडून उपयोग नाही. जोते झाल्यावर तपासणी झाली पाहिजे, सळई-सिमेंट पाहिले गेले पाहिजे. शिक्का मारणाऱ्याने जागेवर पाय ठेवला नाही, तर तो शिक्का कागदाला राखील, माणसाला राखणार नाही.

आता या सगळ्या इतिहासाचा हिशेब मांडू. जुन्या तोंडी संमतीकडून लेखी परवान्याकडे येताना आपण मोठी कमाई केली. आज अर्जावर जात विचारून जागा ठरत नाही. मुदत आहे, कारण मागण्याचा हक्क आहे, अपील आहे. हे गोतसभेत नव्हते. पण एक गोष्ट वाटेत सांडली. शेजारी सांडला. नकाशा कचेरीत जातो, शिक्का घेऊन येतो, आणि शेजाऱ्याला कळते ते पाया खणताना. मग तक्रार, मनाई हुकूम, आणि दिवाणी दावा! कायद्याने शेजाऱ्याची सही मागितलेली नसली, तरी नकाशा एकदा त्याच्या ओट्यावर पसरून “दादा, पन्हळ इकडून काढतोय, चालेल ना?” एवढे विचारायला कोणता कायदा आड येतो? दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथही तेच सांगत होता.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना आपल्या घराचा नकाशा मापाने काढायला लावा. उत्तर कोणती, खिडक्या किती, सांडपाणी कोठे जाते, शेजाऱ्याची भिंत किती हातांवर आहे. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच कागदावर शिकून होईल. उद्या हीच मुले घर बांधतील, आणि त्यांतलीच काही नगरपालिकेच्या टेबलापलीकडे बसतील. अलीकडच्याला पोच मागता आली आणि पलीकडच्याला ती देण्याची लाज वाटली नाही, तर ती सहा महिन्यांची म्हण हळूहळू लोक विसरतील.

परवाना मागणे म्हणजे सरकारपुढे हात पसरणे नव्हे. आपण गावाला दिलेला तो शब्द आहे, की माझे घर कोणाचा उजेड, कोणाची वाट आणि कोणाचा जीव घेणार नाही. तो शब्द वेळेवर ऐकून घेणे हे कचेरीचे कर्तव्य, आणि दिलेला पाळणे हे आपले.