मुरगाव बंदरातील जर्मन जहाजे आणि १९४३ ची गुप्त मोहीम : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
युद्धकाळात शत्रूच्या जहाजांच्या हालचालींची बातमी तोफेइतकीच घातक ठरते. मात्र ती बातमी कोणी दिली, कोणामार्फत गेली व तिचा उपयोग झाला काय, हे सिद्ध करणे कठीण असते. दुसऱ्या महायुद्धात गोव्यातील मुरगाव बंदरात घडलेली घटना या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

पार्श्वभूमी :
१९३९ मध्ये युद्धास तोंड फुटताच 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' व 'ब्राउनफेल्स' या जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगाव बंदरात आश्रय घेतला. इटलीचे 'अन्फोरा' हे जहाजही तेथे होते. गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली होता व पोर्तुगाल तटस्थ होता. त्यामुळे ब्रिटिशांना तेथे उघड हल्ला करणे शक्य नव्हते.

मोहिमेचे स्वरूप :
'एरेनफेल्स'वरील छुप्या बिनतारी यंत्रावरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना पुरविली जाते, असा ब्रिटिश गुप्त यंत्रणेचा संशय होता. नियमित सैन्य वापरल्यास तटस्थतेचा भंग उघड झाला असता. म्हणून 'कलकत्ता लाइट हॉर्स' व 'कलकत्ता स्कॉटिश' या हौशी पथकांतील मध्यमवयीन स्वयंसेवक निवडण्यात आले. 'फीबी' या गाळ वाहणाऱ्या संथ बार्जमधून येऊन त्यांनी ९ मार्च १९४३ च्या रात्री 'एरेनफेल्स'वर चढाई केली. या झटापटीत जहाजाचा कप्तान मारला गेला. जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच आगी लावल्या व चारही जहाजे बुडविली.

पुराव्यांची चिकित्सा :
ही मोहीम दीर्घकाळ गुप्त राहिली. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकामुळे व १९८० मधील 'द सी वुल्व्ज' या चित्रपटामुळे ती सर्वतोमुखी झाली. म्हणजेच प्रचलित कथन घटनेनंतर पस्तीस वर्षांनी आकारास आले. त्यातील प्रक्षेपणाचा भाग जपून वापरला पाहिजे. १९४३ च्या आरंभी हिंदी महासागराच्या बाजूस जर्मन पाणबुड्यांचा मुख्य वावर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत होता. 'मोन्सून' गटाच्या पाणबुड्या अरबी समुद्राकडे आल्या त्या त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे मोहिमेनंतर. शिवाय जहाजे बुडाल्याने ब्रिटिशांना आपला आरोप जगासमोर सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. मोहीम यशस्वी झाली म्हणून तिच्यामागील संशय खरा ठरतो, हा तर्क सदोष आहे.

निष्कर्ष :
जहाजांवरील हल्ला व त्यांचे बुडणे ही निर्विवाद तथ्ये आहेत. त्यांवरून पाणबुड्यांना बातम्या जात होत्या, हे मात्र संभाव्य अनुमान आहे. या दोन विधानांतील भेद जपणे आवश्यक आहे, कारण याच अनुमानाच्या आधारे एका तटस्थ बंदराची मर्यादा ओलांडली गेली व माणसे प्राणास मुकली. ज्या गोमंतकीयांच्या किनाऱ्यावर हे घडले, त्यांना मात्र या निर्णयात कोणतेही स्थान नव्हते. पोर्तुगीज सत्तेच्या व ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धनीतीमध्ये सापडलेल्या या जनतेचा अनुभव स्थानिक इतिहासलेखनात नोंदविला जाणे गरजेचे आहे.