मजकूर आणि हुकूम : एका संगणकीय दोषाचा इतिहास

श्रुतलेखन घेताना शिक्षक सांगतात, "गाव नदीकाठी होते, पूर्णविराम." विद्यार्थी वाक्याच्या शेवटी टिंब देतो, 'पूर्णविराम' हा शब्द लिहीत नाही. दुसरीतले एखादे मूल मात्र तो शब्दच वहीत उतरवते आणि वर्ग हसतो. त्या मुलाची चूक नीट पाहिली तर फार मोलाची आहे. शिक्षकांच्या एकाच आवाजातून दोन प्रकारचे शब्द येत असतात. काही लिहून घ्यायचे असतात, तर काहींनुसार कृती करायची असते. पहिल्या प्रकाराला आपण 'मजकूर' म्हणू, दुसऱ्याला 'हुकूम'. धडाच विरामचिन्हांवरचा असेल आणि वाक्य "विधान संपले की पूर्णविराम द्यावा" असे असेल, तर हुशार विद्यार्थीही क्षणभर थबकतो.

संगणकाला हा घोटाळा पावलोपावली पडतो, कारण त्याला संदर्भ कळत नाही. महाजालावरील संकेतस्थळांत या घोटाळ्यातून जो दोष निर्माण होतो, त्याला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' किंवा थोडक्यात 'एक्सएसएस' म्हणतात. शाळेची माहिती, निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे आता महाजालावरूनच भरले जाते. त्यामुळे या दोषाचा इतिहास शिक्षकांना ठाऊक असणे उपयोगाचे आहे, असे आम्हांला वाटते.

या इतिहासाचे मूळ महाजालाच्याही मागे जाते. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एका अहवालात अशा संगणकाची रचना मांडली की, ज्यात आकडे आणि त्या आकड्यांचे काय करायचे हे सांगणाऱ्या आज्ञा एकाच स्मृतीत राहतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला आणि १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' असे नाव मिळालेला संगणकही याच पद्धतीचा होता. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. त्यांतला एखादा शब्द म्हणजे आकडा की आज्ञा, हे त्या शब्दाकडे पाहून ठरत नसे. यंत्र तो कोणत्या क्षणी व कशासाठी उचलते यावर ठरे. संगणकाची सारी लवचीकता या कल्पनेत आहे, आणि त्याचे दुखणेही तिच्यातच आहे.

असे दुखणे दूरध्वनीलाही जडले होते. अमेरिकेतील बेल कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तारांवर बोलणे आणि यंत्रणेचे इशारे एकाच तारेतून जात. तार मोकळी आहे हे कळवण्यासाठी २६०० हर्ट्झचा सूर वापरला जाई. जो एन्ग्रेसिया या दृष्टिहीन मुलाला १९५० च्या दशकात आढळले की, त्याच सुरात शीळ घातली तर चालू असलेला फोन तुटतो. पुढे जॉन ड्रेपर आणि इतरांनी न्याहारीच्या डब्यातून मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीचा उपयोग करून फुकट फोन केले. यंत्रणेच्या दृष्टीने शीळ हा बोलण्याचा भाग नव्हता, हुकूम होता. यावर खरा उपाय झाला तो इशाऱ्यांसाठी वेगळा मार्ग काढल्यावर. १९७६ पासून अमेरिकेत तो बदल सुरू झाला.

महाजालाच्या जन्मात हा धडा कोणी गिरवला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात महाजालाची मांडणी केली. त्यांच्या पानात मजकूर आणि 'हे ठळक दाखव', 'येथे नवा परिच्छेद कर' असे हुकूम एकाच ओळीत लिहिले जात. हुकूम ओळखण्यासाठी तो < आणि > या चिन्हांत ठेवायचा, एवढीच खूण होती. शास्त्रज्ञांनी एकमेकांची टिपणे वाचावीत, या हेतूला ती पुरेशी होती.

शिक्षकांना याचा प्रयोग सहज करता येईल. साध्या मजकुराच्या फाइलीत रोमन लिपीतील एक्स, मग 'पेक्षा लहान'चे चिन्ह, मग वाय, मध्ये जागा न सोडता लिहावे. पुढे दोन-चार शब्द लिहावेत, फाइलीला 'एचटीएमएल' हे शेपूट द्यावे आणि ती ब्राउझरमध्ये उघडावी. पडद्यावर फक्त एक्स दिसतो. गणितातले चिन्ह ब्राउझरला हुकुमाची सुरुवात वाटले आणि पुढचे सारे त्याने गिळले. वायच्या जागी देवनागरी अक्षर ठेवले तर मात्र ओळ जशीच्या तशी दिसते, कारण हुकुमाचे नाव रोमन अक्षरानेच सुरू व्हावे असा नियम आहे.

१९९५ पर्यंत अशा घोटाळ्याने फार तर पान विस्कटत असे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आणि ब्रेंडन आइक यांनी मे महिन्यात दहा दिवसांत घडवलेली भाषा 'जावास्क्रिप्ट' या नावाने ४ डिसेंबर रोजी अमेरिकेत जाहीर झाली. आता पानातला हुकूम केवळ सजावटीचा राहिला नाही. तो हिशेब करू शकत होता, पान बदलू शकत होता, वाचकाच्या वतीने अर्ज धाडू शकत होता. धोका ओळखून नेटस्केप कंपनीने नियम घातला : एका संकेतस्थळाच्या आज्ञावलीला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती पाहता येणार नाही. नियम चांगलाच होता. पण पहिल्या स्थळाच्या पानात दुसऱ्याच कोणी आज्ञावली घुसवली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

उदाहरणादाखल कल्पना करू की, शिंदखेड्यातील एखाद्या शाळेने संकेतस्थळ काढले आणि पालकांसाठी त्यावर अभिप्रायवही ठेवली. कोणीही लिहावे, ते सर्वांना दिसावे. एकाने अभिप्रायाच्या खोक्यात वाक्याऐवजी जावास्क्रिप्टचा हुकूम लिहिला. संकेतस्थळाने तो जसाच्या तसा साठवला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आपला परवलीचा शब्द देऊन आत शिरतात आणि अभिप्राय उघडतात. त्यांचा ब्राउझर तो हुकूम अमलात आणतो, तोही मुख्याध्यापकांच्या नावाने. कारण आत शिरताना स्थळाने त्यांच्या ब्राउझरला 'कुकी' नावाची ओळखचिठ्ठी दिलेली असते. ती जवळ असेतो त्या ब्राउझरकडून येणारी प्रत्येक विनंती त्यांचीच समजली जाते. गुण बदलणे, मुलांचे पत्ते बाहेर धाडणे, जे मुख्याध्यापक करू शकतात ते सारे या हुकुमाला करता येते. परवलीचा शब्द कितीही अवघड असला तरी त्याचा येथे उपयोग नाही.

खेड्यातील दवंडीशी याची तुलना करता येईल. कोतवाल कचेरीतून आलेला कागद वाचून दाखवतो आणि लोक त्याप्रमाणे वागतात, कारण त्याचा आवाज हा सरकारचा आवाज. वाटेत कोणी कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली, तर कोतवाल तीही त्याच आवाजात वाचणार. लोक फसले असे म्हणण्यापेक्षा, कोतवालाला खरी ओळ आणि घुसडलेली ओळ वेगळी करण्याचे साधनच दिले नव्हते, असे म्हणणे योग्य होईल.

या दोषाला नाव मिळाले ते २००० च्या जानेवारीत, मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांच्या चर्चेत. त्या वेळी एका स्थळावरून दुवा देऊन दुसऱ्या स्थळाच्या पानात आज्ञावली घुसवण्याचा प्रकार मुख्यतः डोळ्यांपुढे होता, म्हणून 'क्रॉस-साइट'. आद्याक्षरांनी होणारे 'सीएसएस' हे नाव पानाच्या सजावटीच्या भाषेने आधीच घेतले होते, म्हणून 'एक्सएसएस'. २ फेब्रुवारी २००० रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'सर्ट' केंद्राने याविषयी जाहीर इशारा दिला.

इशाऱ्याचे महत्त्व जगाला कळले ते ४ ऑक्टोबर २००५ रोजी. सॅमी कमकार या १९ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने 'मायस्पेस' या संकेतस्थळावरील आपल्या ओळखपानात एक आज्ञावली ठेवली. पान पाहणाऱ्याच्या नावाने ती सॅमीला मैत्रीची विनंती धाडी आणि स्वतःची प्रत त्या पाहणाऱ्याच्या पानात ठेवी. वीस तासांत दहा लाखांहून अधिक पाने बाधित झाली आणि स्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. मायस्पेसने 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळण्याची व्यवस्था केली होती. कमकारने तो शब्द दोन ओळींत तोडून लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही, पण काही ब्राउझरांनी दोन तुकडे जोडून वाचले. वाईट शब्दांची यादी करून ते गाळण्याचा मार्ग किती तोकडा आहे, हे यातून सिद्ध झाले. कमकारने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

सप्टेंबर २०१० चे शेवटचे दहा दिवस या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २१ तारखेला ट्विटरवर असा मजकूर पसरला की, त्यावर माउसचा बाण नुसता नेला तरी तो वाचकाच्या नावाने पुढे धाडला जाई. हा दोष महिन्यापूर्वीच दुरुस्त केला होता, पण नंतरच्या एका बदलात तो परत आला, असे कंपनीने सांगितले. २५ तारखेला, शनिवारी, गुगलच्या 'ऑर्कुट'वर 'बोम साबादो', म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'शुभ शनिवार', असे संदेश लोकांच्या खात्यांतून आपोआप जाऊ लागले. ऑर्कुट ब्राझील आणि भारत या दोन देशांत विशेष लोकप्रिय होते. २०१४ मध्ये ते बंद झाले. आणि २९ तारखेला, आमच्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण खेड्यातल्या माणसाची ओळख संगणकाच्या जाळ्यात नोंदली जाऊ लागली, त्याच दहा दिवसांत ते जाळे कोणाच्याही नावाने बोलू शकते हे लाखोंनी अनुभवले. आम्हांला ही जवळीक विचार करायला लावणारी वाटते.

उपाय काय? पहिला उपाय लेखनाचा आहे. बाहेरून आलेला मजकूर पानावर दाखवताना त्यातील खुणेची चिन्हे बदलून लिहायची. 'पेक्षा लहान'च्या चिन्हाऐवजी & हे चिन्ह, पुढे रोमन एल व टी आणि अर्धविराम लिहिले, की ब्राउझर ते चिन्ह फक्त दाखवतो, त्याचा हुकूम मानत नाही. मजकूर कापायचा नाही, कोणाला काही लिहिण्यास मनाई करायची नाही; तो मजकूरच आहे हे दाखवण्याच्या क्षणी स्पष्ट करायचे. दुसरा उपाय दूरध्वनीसारखा आहे : हुकुमांचा मार्ग वेगळा करणे. २०१२ च्या सुमारास प्रमाण रूप घेऊ लागलेल्या एका व्यवस्थेत संकेतस्थळ ब्राउझरला आधीच सांगते की, आज्ञावली अमुक ठिकाणाहूनच येतील. पानात इतरत्र सापडलेली चालवू नये.

उपाय ठाऊक असूनही, अमेरिकेतील 'मायटर' संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या सर्वांत धोकादायक पंचवीस दोषांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता. कारण अवघड नाही. पानावर बाहेरचा मजकूर शेकडो ठिकाणी येतो, आणि शंभरांतली एक जागा राहून गेली तरी दार उघडेच असते.

शाळेसाठी संकेतस्थळ करून घेताना शिक्षकांनी करणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : अभिप्रायाच्या किंवा नावाच्या खोक्यात कोणी 'ठळक कर' हा हुकूम चिन्हांसह लिहिला, तर पुढच्या पानावर ठळक अक्षरे दिसतील की ती चिन्हे? ठळक अक्षरे दिसत असतील, तर दोष आहे. ही परीक्षा आपल्याच शाळेच्या स्थळावर आणि संमतीने घ्यावी. परक्या संगणकव्यवस्थेत परवानगीवाचून ढवळाढवळ करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार अपराध ठरू शकतो, हेही उत्साही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. आणि उत्तर समाधानकारक मिळाले तरी स्थळात प्रत्येक बदल झाल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारावा. ट्विटरचा दोष दुरुस्तीनंतरच परतला होता.