शाळेत आलेलं गाणं, दारात थांबलेलं नाटक



आजचा विषय ऐकायला साधा आहे : आपल्या माध्यमिक शाळांमध्ये संगीत आणि नाटक कसं आलं. ‘शाळेत एक पेटी होती, गॅदरिंगला नाटक व्हायचं’ एवढं सांगून तो पाच मिनिटांत संपवताही येईल. पण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सरळ प्रश्न अवघड करून ठेवायची खोड लागली आहे. ती आता या वयात सुटणार नाही. तेव्हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारू. गाणं आणि नाटक शाळेत आलं ते कोणत्या अटींवर? आणि त्या अटींची किंमत कोणी मोजली?

एका वर्षापासून सुरुवात करू या. साल १८८०. त्या वर्षी २ जानेवारीला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी ही मंडळी त्यामागे होती. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. आधुनिक मराठी शाळा आणि मराठी संगीत नाटक, दोन्ही एकाच गावात, दहा महिन्यांच्या अंतराने उभी राहिली. गंमत अशी की अण्णासाहेब स्वतः काही काळ बेळगावात शिक्षक होते. पुढे ‘शारदा’ लिहिणारे देवलही काही काळ शिक्षकी पेशात होते. म्हणजे माणसं तीच होती. तरीही शाळा आणि नाटक ही दोन घरं एकमेकांकडे पाठ करून बसली होती.

असं का? एक उत्तर फार जुनं आहे. प्लेटोने आदर्श राज्याच्या शिक्षणात संगीताला पहिलं स्थान दिलं. लय आणि सुसंवाद मुलाच्या मनात विवेकाच्याही आधी शिरतात, असं त्याचं म्हणणं. पण हाच प्लेटो नाटकाकडे संशयाने बघतो. दुसऱ्याचं सोंग घेणारा माणूस स्वतःचा राहत नाही, अशी त्याला भीती वाटते. संगीताला आत घ्या, नाटकाला वेशीवर थांबवा! आपल्या पूर्वजांनी प्लेटो वाचून हे केलं असं आम्ही म्हणणार नाही. पण घडलं जवळजवळ तसंच. त्याची कारणं मात्र आपली, इथली होती.

त्या काळी ‘पोरगं नाटकात गेलं’ हे वाक्य घरात सुतकासारखं उच्चारलं जाई. केशवराव भोसले अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले आणि शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हा ते विशीच्या आतच होते. या मुलांची शाळा म्हणजे कंपनीचं बिऱ्हाड. सकाळी तालीम, रात्री प्रयोग, मग मुक्काम हलवायचा. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत शिरले ते कंपनीतल्या मुलांना शिकवायचे मास्तर म्हणून. जरा विचार करा. शाळेत नाटकाला जागा नव्हती, पण नाटक कंपनीने आपल्या पोटात एक छोटी शाळा ठेवली होती. उदार कोण होतं, हे आपणच ठरवावं.

आता गाण्याकडे वळू. गाण्याची अडचण वेगळी होती. गाणं वाईट आहे असं कोणी म्हणत नव्हतं. घरोघरी अभंग होते, आरत्या होत्या, ओव्या होत्या. पण ‘गवई’ म्हटलं की नाकं मुरडली जायची, आणि गाणाऱ्या स्त्रीविषयी तर बोलायलाच नको. विष्णु दिगंबर पलुसकरांची एक आठवण प्रसिद्ध आहे. मिरजेत ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, गुरूंना मात्र आलं नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं की ते काय, गवईच तर आहेत. हा घाव पलुसकर विसरले नाहीत, असं सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते एका राजाच्या मेहेरबानीवर उभं नव्हतं, लोकांच्या वर्गणीवर उभं होतं. १९०८ मध्ये मुंबईत शाखा आली.

या प्रयत्नात पलुसकर एकटे नव्हते. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला होता आणि त्याने गाण्याचे वर्ग चालवले होते. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. पं. भातखंडे व्यवसायाने वकील. त्यांनी घराण्यांत दडवून ठेवलेल्या चिजा गोळा केल्या, त्यांचं स्वरलेखन केलं आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापली. ‘क्रमिक पुस्तक’ हा शब्दच शाळेतला आहे, हे ध्यानात घ्या.

गाणं सभ्य करायचं तर त्याला सभ्य माणसाच्या सगळ्या वस्तू लागतात : वर्ग, वेळापत्रक, पुस्तक, परीक्षा, प्रमाणपत्र. पलुसकर आणि भातखंडे यांच्या स्वरलेखनाच्या पद्धती वेगळ्या, स्वभाव वेगळे, पण या एका बाबतीत दोघांची वाट एक होती. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा गावोगाव पोचल्या. शिक्षकाची मुलगी, कारकुनाचा मुलगा निर्धास्तपणे गाणं शिकू लागला. ही फार मोठी सामाजिक क्रांती होती. तिला नावं ठेवायचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

पण इथेच एक वळण आलं. परीक्षेमुळे गाणं प्रतिष्ठित झालं, आणि त्याच परीक्षेने ते शाळेच्या बाहेर क्लासमध्ये नेलं. ज्याला आवड आहे, ज्याच्या घरी फी भरायची ऐपत आहे, तो संध्याकाळी क्लासला जाणार. वर्गातल्या उरलेल्या मुलांनी काय करायचं?

तुलनेसाठी चित्रकला घ्या. माध्यमिक शाळेत ड्रॉइंगचे सर असायचेच. संगीताचे सर किती शाळांत होते? हा फरक का पडला? चित्रकलेमागे सरकार उभं होतं. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. कारागिरीला, उद्योगाला रेखाटन उपयोगी पडेल असं इंग्रज राज्यकर्त्यांना वाटत होतं. त्यातून ड्रॉइंग शिक्षकांचं प्रशिक्षण आलं आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा आल्या. त्या परीक्षांना शाळाच मुलांना बसवते. गाण्याचा उपयोग राज्यकर्त्यांना दिसला नाही. त्यामुळे चित्रकलेला शाळेत पगारी माणूस मिळाला आणि गाण्याला फार तर प्रार्थनेची पाच मिनिटं. मित्रहो, अभ्यासक्रम ही पवित्र गोष्ट नाही. कुणाला काय उपयोगी वाटलं, याची ती गोठलेली नोंद असते.

आणि नाटक? नाटक शाळेत मागच्या दाराने आलं. त्या दाराचं नाव स्नेहसंमेलन. वर्षातून एकदा, डिसेंबर-जानेवारीत, अभ्यास थोडा बाजूला ठेवून, मंडप घालून. यात काही मोठी माणसं होती, हेही सांगितलं पाहिजे. आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते, तेव्हा त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी ‘गुरुदक्षिणा’सारखी नाटकं लिहिली. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ने महाराष्ट्राला हसवणारा नाटककार आधी शाळेच्या मंडपात हात साफ करून आला होता. पु. ल. देशपांड्यांनीही मुलांसाठी ‘वयं मोठं खोटम्’ लिहिलं. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ उभं केलं, तिथून मराठी बालरंगभूमीला स्वतःचं अंगण मिळालं. पण तेही अंगण शाळेबाहेरचं, नाट्यगृहातलं. शाळेत नाटक ‘कार्यक्रम’ म्हणून राहिलं. ‘तास’ कधी झालं नाही.

याच सुमारास बंगालात वेगळा प्रयोग होऊन गेला होता. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनची शाळा काढली, आणि १९०८ चं ‘शारदोत्सव’ हे नाटक तिथल्या मुलांनीच करायचं म्हणून लिहिलं. तिथे ऋतू बदलला की गाणं आणि नाटक व्हायचं. ते शिक्षणाच्या आड येत नव्हतं, शिक्षणच होतं. आपल्याकडे हे का झालं नाही? एक कारण असं की आपलं नाटक फार लवकर धंदेवाईक आणि फार यशस्वी झालं. पालकांना नाटक म्हटलं की कंपनीच डोळ्यांसमोर येई. आणखी एक कारण बोलायला कठीण आहे, पण बोललं पाहिजे. तमाशा, गोंधळ, भारूड, दशावतार यांच्यात अभिनय, गाणं, विनोद सगळं भरून होतं. पण ते ज्यांचं होतं त्यांची मुलंच शाळेत फारशी नव्हती. शाळेने ती कला घेतली नाही, कारण शाळेने ती माणसंही घेतली नव्हती. आज गॅदरिंगला कोळीगीत आणि लावणी हौसेने नाचली जाते. तमाशाच्या फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा मात्र अजूनही तुटते.

इथे एक घरचा अनुभव सांगतो. विषय मागतो म्हणून सांगतो. आम्ही सहावीत असताना शाळेत स्वातंत्र्यदिनासाठी समूहगीत बसवत होते. शाळेचं नाव सांगत नाही, त्या शाळेने आम्हाला पुष्कळ दिलं आहे. तालीम चालू असताना बाईंनी पेटी थांबवली, रांगेतून आम्हा चौघांना पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही उभे राहा, फक्त ओठ हलवा.’ बाई दुष्ट नव्हत्या. पाहुणे येणार होते, बक्षीस होतं, आणि आमचा सूर खरंच लागत नव्हता. आम्ही ओठ हलवले. बक्षीस मिळालं. फोटोत आम्ही तोंड उघडून गाताना दिसतो. त्यानंतर आम्ही चौघांपैकी कोणीही, जिथे दुसऱ्याला ऐकू जाईल अशा ठिकाणी, गायलो नाही. आरतीतसुद्धा टाळ्याच वाजवतो.

हा प्रसंग आम्ही फार वर्षं विनोद म्हणून सांगत होतो. सेवानिवृत्तीनंतर ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा तो विनोद राहिला नाही. त्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तो नेमका हाच प्रश्न घेतो : मुलांनी संगीत नुसतं ऐकावं, की स्वतः गावं-वाजवावं? त्याचं उत्तर स्पष्ट आहे. लहानपणी स्वतः करावं, कारण जो कधी करत नाही त्याला पुढे पारख येणं कठीण. आणि लगेच पुढची अट : स्पर्धेसाठी लागणारी कसरत मुलांना शिकवू नये. म्हणजे सगळ्यांनी करावं, आणि जिंकण्यासाठी करू नये. आमच्या शाळेत नेमकं उलटं झालं. जिंकायचं होतं, म्हणून सगळ्यांना करता आलं नाही.

इतिहासाकडे परत येऊ. संगीत दिग्दर्शक वसंत देसाई यांना हे दुखणं कळलं होतं. सिनेमात यश मिळवलेल्या या माणसाने शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी कष्ट घेतले. मुलांची अफाट गर्दी एका सुरात गाऊ शकते, हे त्यांनी दाखवलं. १९७१ च्या ‘गुड्डी’ चित्रपटात त्यांनी संगीत दिलेली प्रार्थना पुढे देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. ती म्हणायला कुठलीही प्रवेशिका परीक्षा लागत नाही. तिची मोठी गोष्ट हीच आहे.

आजचं चित्र काय आहे? २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सगळ्यांना असावा असं म्हटलं. २०२० च्या धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर ही भिंतच पाडायची भाषा केली. आपल्या राज्यात शास्त्रीय संगीत, नृत्य, लोककला, नाट्य यांत प्रावीण्य असलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगला आहे. पण परिणाम बघा. पालक विचारतात, ‘किती परीक्षा झाल्या की किती मार्क?’ पलुसकरांनी गाण्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून परीक्षा आणली; शंभर वर्षांनी परीक्षेला चार मार्क मिळावेत म्हणून गाणं आणलं जातंय. आणि ते मार्क कोणाला? ज्याला आधीच क्लास परवडतो त्याला. ज्या मुलाच्या शाळेत संगीत शिक्षकच नाही, तो या हिशेबात कुठेच नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. वाढीव गुण ठेवा, स्पर्धा ठेवा, गॅदरिंग तर ठेवाच. पण आठवड्याचा एक तास असा असू द्या, की ज्यात सगळा वर्ग गाईल आणि कोणी निवडला जाणार नाही. दुसरा एक तास असा, की ज्यात इतिहासाचा किंवा मराठीचा धडा मुलं उभं राहून करतील, पाहुण्यांशिवाय, मेकअपशिवाय. लाजरं पोर एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडचं वाक्य बोलेल. प्लेटोला त्याची भीती वाटत होती. आम्हाला वाटतं, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलायला शिकणं हेच लोकशाहीचं पहिलं शिक्षण आहे. नाट्यशास्त्राने नाट्याला सर्व वर्णांसाठी खुला असलेला पाचवा वेद म्हटलं, त्यात हेच बीज आहे.

यासाठी पैसे लागतील, शिक्षकांची पदं लागतील, हे आम्हाला कळतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला ड्रॉइंगचे शिक्षक हवेसे वाटले, आणि ते मिळाले. हवेसे वाटणं आधी, पदं नंतर.

इथे काही शिक्षक बसले आहेत. त्यांना एक विनंती. पुढच्या समूहगीताच्या तालमीत कोणाचा सूर लागला नाही, तर त्याला मागच्या रांगेत पाठवा हवं तर. पण गाऊ द्या. आमच्यासारखी म्हातारी आरतीत टाळ्या वाजवत उभी राहायला नकोत.