पनवेल लोकलचं नावेशी नातं

पनवेलची जुनी डीसी लोकल आणि बॅटरीवर चालणारी छोटी नाव एकाच घराण्यातल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे.

लोकलने फलाट सोडला की पाठोपाठ हिसके बसत. वरच्या तारेत १५०० व्होल्ट ठरलेले. म्हणून सुरुवातीला मोटरी एकसर जोडायच्या, म्हणजे दाब वाटला जातो. वेग आला की समांतर. मधल्या पायऱ्यांवर रोध असत, आणि एकेक रोध वगळला की हिसका. नावेत हेच उलटं. मोटर एक, बॅटऱ्या अनेक. २४ व्होल्टचे दोन संच समांतर जोडले तर वेग अर्धा, एकसर जोडले तर पूर्ण.

नावेत नुसता रोध का नको? ४८ व्होल्टची १० किलोवॅटची मोटर भर वेगात दोनशेवर अँपिअर ओढते. वेग अर्धा केला की पाण्यातल्या पंख्याला पीळ चौथाईच लागतो, प्रवाह पन्नासच्या आसपास येतो. तरी रोधात २४ व्होल्ट गुणिले ५०, म्हणजे १२०० वॅट नुसती उष्णता. मोटरीला मिळते तेवढीच वाया! तारेवरची गाडी हा तोटा घटकाभर सोसते. मोजकी वीज घेऊन निघालेल्या नावेला तो तासन्‌तास परवडत नाही.

या एकसर-समांतर युक्तीचा मूळपुरुष कोण? रेल्वेवाले जॉन हॉपकिन्सनकडे बोट दाखवतात. मोटरींची एकसर-समांतर पद्धत त्यांनी १८८१ मध्ये मांडली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रूव्हेने पॅरिसला सेन नदीत विजेची नाव चालवली. त्याच्या बायक्रोमेट बॅटरीची एक रचना मला फार आवडते: जस्ताचे पत्रे रहाटाने आम्लात खाली-वर करायचे. जास्त बुडवले की प्रवाह जास्त. वेग आवरायची ही स्वतंत्र शाखा, पण तिचा वंश खुंटला.

माझा दावा मात्र तारायंत्राच्या टेबलाचा आहे. लांबच्या तारेसाठी घट एकसर आणि कमी रोधाच्या मंडलासाठी समांतर लावणं तिथे कितीतरी आधीपासून रोजचं काम होतं. हॉपकिन्सनपक्ष म्हणेल, मोटर म्हणजे घट नव्हे, ती फिरताना उलटा दाब उभा करते. खरं आहे, मोटरींचं श्रेय त्यांचंच. पण बॅटऱ्यांची फिरवाफिरव नावेत आली ती तारवाल्यांकडूनच. दुसरा वाटाड्या मला दिसत नाही.

पनवेल लोकलच्या हार्बर मार्गावर डीसी आली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला. गेली ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. नावेतही आता बॅटऱ्यांच्या फिरवाफिरवीऐवजी चॉपर आहे. तो सेकंदाला हजारो वेळा बॅटरी जोडतो-तोडतो. तोडलेल्या क्षणी मोटरीच्या वेटोळ्यांतला प्रवाह डायोडमधून फिरत राहतो. म्हणून अर्ध्या वेगाला मोटरीत ५० अँपिअर वाहत असले, तरी बॅटरीतून सरासरी पंचवीसच्या आसपासच जातात.