चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरील प्राणीचित्रे आणि तुघलककालीन भारत

प्रस्तावना :
सुलतान मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दौलताबाद येथे राजधानी नेली. त्याचाच वकील म्हणून 1342 मध्ये चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादमार्गे गेला. चिनी मातीची भांडी भारतात जातात, अशी नोंद त्याने केली आहे. मराठवाड्यातून गेलेला हा दुवा लक्षात घेता, त्या भांड्यांवरील प्राणीचित्रांकडे भारतात कोणत्या दृष्टीने पाहिले गेले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चित्रांचा अर्थ :
निळ्या-पांढऱ्या भांड्यांची कला चौदाव्या शतकात जिंगदेझेन येथील भट्ट्यांत बहरली. कोबाल्टने चित्र काढून त्यावर पारदर्शक झिलई देत व नंतर भांडे भाजत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील 1351 च्या डेव्हिड फुलदाण्यांवर ड्रॅगन व फिनिक्स असून त्यांचे कान गजमुखाचे आहेत. चीनमध्ये अशा चित्रांना निश्चित अर्थ होता. 'मासा' व 'विपुलता' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'यू' असल्याने मासा समृद्धीचे प्रतीक ठरला. बदकांची जोडी दाम्पत्यनिष्ठेचे. उच्चारावर आधारलेला अर्थ परभाषेत टिकणे शक्य नव्हते. तेथे उरले ते केवळ सजीवाचे चित्र.

फिरोजशाहाचे धोरण :
1351 मध्येच गादीवर आलेल्या फिरोजशाह तुघलकाने 'फुतूहात-ए-फिरोजशाही'त राजवाड्यातील भांडी, खोगिरे, पडदे इत्यादींवरील सजीवांची चित्रे पुसून टाकण्याचा आदेश दिल्याचे नमूद केले आहे. दिल्लीतील फिरोजशाह कोटला परिसरात 1961 मध्ये युआनकालीन चिनी भांड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. या आदेशामुळेच ती फोडली गेली असावीत, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले आहे. धातूवरील चित्र घासून काढता येते; झिलईखालील निळे चित्र मात्र भांडे फोडल्याखेरीज नष्ट होत नाही. ही तांत्रिक बाब त्या अनुमानास पूरक आहे. तथापि तो निर्णायक पुरावा नव्हे.

तुलना व समारोप :
केवळ धर्माच्या आधारे याचा उलगडा होत नाही. इराणच्या शाह अब्बासाने 1611 मध्ये अर्दबील येथील दर्ग्यास हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली. त्यांत ड्रॅगन व फिनिक्स असलेली भांडीही होती आणि ती जतन झाली. तात्पर्य, चित्राचे भवितव्य धर्मापेक्षा राज्यकर्त्याच्या धोरणावर अवलंबून होते. म्हणूनच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहासारख्या संग्रहांतील चिनी भांडी अभ्यासताना ती कोणी घडविली याइतकेच ती कोणी वापरली, हेही पाहणे आवश्यक आहे.