साखळीची लांबी (सायकल)

सायकलच्या पुढच्या व मागच्या दातेरी चक्रांवरून फिरणाऱ्या साखळीत (बोलीत चेन) किती कड्या ठेवायच्या, ते ठरवण्याची रीत. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. आजच्या जवळजवळ सर्व सायकलींत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच (१२.७ मिमी) असते. गिअर वाढत गेले तशी साखळी अरुंद झाली, अंतर तेच राहिले. त्यामुळे साध्या काळ्या सायकलीचा आणि बारा गिअरवालीचा हिशोब एकाच मापाने होतो.

आतली आणि बाहेरची अशा कड्या आलटून पालटून येतात, म्हणून साखळी एरवी जोडीनेच, म्हणजे एकेक इंचाने कमी-जास्त करता येते. बिनगिअरच्या सायकलीत हे पुरते. एक जोडी काढली की मागचे चाक अर्धा इंच पुढे घ्यावे लागते आणि आस बसतो त्या लांब खाचेत तेवढी जागा सहसा असते. पुढच्या व मागच्या चक्रांच्या मधोमध बोटाने दाबल्यावर साखळी साधारण अर्धा इंच हलली की ताण ठीक.

गिअरच्या सायकलीत मात्र चूक महागात पडते. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटाच्या अलीकडे टोकावडे लागते. तिथून घाट चढायचा तर मागे मोठे चक्र हवेसे वाटते, आणि ते बदलताना जुनी साखळी तशीच ठेवण्याचा मोह होतो. पुढचे मोठे आणि मागचे मोठे चक्र एकदम पडले तर आखूड साखळी ताठ ओढली जाते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर वाकतो, तुटतो, कधी आऱ्यांत शिरतो. लांब साखळी दोन्ही लहान चक्रांवर लोंबते एवढेच, आणि ती जोडी टाळता येते. संशय असेल तेव्हा इंचभर जास्त ठेवावी.

हिशोब इंचांत असा : पेडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतच्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्हीकडच्या मोठ्या चक्रांच्या दात्यांच्या बेरजेचा चौथा भाग, अधिक एक. अंतर १७ इंच, पुढे ४२ दाते, मागे २८ असतील तर ५२.५ येतात, वर पूर्णांकात घेऊन ५३ इंच, म्हणजे १०६ कड्या. मागे ३४ दाती चक्र बसवले तर ५४ इंच, १०८ कड्या. मोजपट्टी नसेल तर साखळी डिरेलरमधून न नेता दोन्ही मोठ्या चक्रांवरून गुंडाळावी, टोके जिथे भेटतील तिथे एक इंच वाढवून तोडावी. कारागीर बहुधा हेच करतात आणि ते सूत्राइतकेच भरवशाचे आहे. मागे सस्पेन्शन असेल तर दोन्ही आसांतले अंतर सर्वाधिक होईल त्या स्थितीत मोजावे. उत्पादकाचा तक्ता असल्यास त्यालाच प्राधान्य.

जुनी साखळी ‘वाढली’ म्हणून कडी काढणे हा उपाय नव्हे. पिना व बुश झिजल्याने प्रत्येक कडीचे अंतरच वाढलेले असते. नव्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १/१६ इंचाने जास्त भरू लागल्या की साखळी बदलावी. १/८ इंचापर्यंत जाऊ दिली तर मागची चक्रेही बदलावी लागतात, कारण झिजल्या दात्यांवरून नवी साखळी सटकते.